तिसऱ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या इमारतीचा सेक्रेटरी अकराव्या मजल्यावरून लिफ्टच्या डक्टमध्ये पडला. त्याच्या हातात बाजाराची चाकांची पिशवी होती. सून घराच्या दारात उभी होती. त्यानं लिफ्टचं दार ओढलं, ते उघडलं, तो पाठ आत करून एक पाऊल मागे सरला आणि दिसेनासा झाला. पिशवी बाहेरच राहिली. लिफ्ट तेव्हा तिसऱ्या मजल्यावर उभी होती. तो तिच्या छतावर आदळला.

पुढच्या अर्ध्या तासात इमारतीतल्या रहिवाशांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वेल्डरला घरातून ओढून काढलं आणि जिन्यात मारलं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, कवटीला तडा गेला, उजव्या हाताची चार बोटं चिरडली. सेक्रेटरी रुग्णालयात पोचण्याआधी मेला. वेल्डर जिवंत आहे, शुद्धीवर नाही, आणि त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल आहे.

खून त्यानं केलेला नाही. अकराव्या मजल्यावरचं दार उघडलं तेव्हा तो आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत होता. हे दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक त्याची बायको, आणि बायकोची साक्ष बायकोची म्हणूनच ऐकली जाते. दुसरा तिचा सख्खा मोठा भाऊ. तो शहर बससेवेत चालक आहे आणि त्याच इमारतीत पंधराव्या मजल्यावर राहतो. त्यानं पोलिसांना वेगळंच सांगितलं आहे.

ही वसाहत राजधानीच्या अगदी कडेला आहे. बसचा शेवटचा थांबा, त्यापुढे पेट्रोल पंप, त्यापुढे एकाच साच्यातून काढलेल्या उंच इमारती. दोन इमारतींच्या मधून वारा असा घुसतो की वाळत घातलेला शर्ट दुसऱ्याच्या बाल्कनीत सापडतो. शर्ट परत करायला गेलेला माणूस समोरच्याचं घर बघून येतो, आणि इथल्या ओळखी बहुतेक अशाच झालेल्या आहेत.

सहा नंबरमध्ये लिफ्ट एकच. दुसरीसाठी डक्ट बांधला होता, त्यात लिफ्ट कधी आली नाही. आहे ती इतकी अरुंद की आत गेल्यावर वळता येत नाही. म्हणून इथले लोक पाठमोरे शिरतात. उतरताना तोंड दाराकडे हवं आणि सामान पुढ्यात हवं. पोरं चालायला लागली की हेही शिकतात. तोंड पुढे करून कोणी शिरला की शेजारी ओळखतात, पाहुणा आहे.

लिफ्टला दारं दोन. बाहेरचं प्रत्येक मजल्यावर लोखंडी, हातानं ओढायचं, मधे वहीएवढी काच. आतलं जाळीचं, लिफ्टबरोबर वरखाली जाणारं. लिफ्ट समोर नसेल तर बाहेरचं दार उघडू नये म्हणून चौकटीत एक खिट्टी असते. ती बाहेरून सरकवायची झाली तर त्रिकोणी चावी लागते, आणि ती चावी लिफ्ट कंपनीच्या माणसापाशीच असावी असा नियम आहे. पण लिफ्ट दर आठवड्याला दोन मजल्यांच्या मधे अडकायची आणि कंपनीचा माणूस दुपार कलल्याशिवाय यायचा नाही. लिफ्ट आणि जावई, बोलावून येत नाहीत आणि आले की अडून बसतात, असं या इमारतीत म्हणतात. शेवटी वेल्डरनं सळईचे तुकडे घासून चाव्या बनवल्या आणि मजल्यामजल्यावर एकेक देऊन टाकली. तेव्हापासून अडकलेल्याला जवळच्या मजल्यावरचा माणूस दार उघडून बाहेर ओढतो. सेक्रेटरीनं त्या वर्षीच्या सभेत वेल्डरसाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. चाव्या इतक्या हातांनी इतक्या वेळा फिरवल्या की काही मजल्यांवरच्या खिट्ट्या झिजून गोल झाल्या. जोरानं ओढलं तर दार नुसतंच उघडायचं. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

उन्हाळ्यात लिफ्टची मोटर जळाली. ती भरून आणली, पण जोर गेला तो गेलाच. सकाळी वरच्या मजल्यांवर रांगा लागायला लागल्या. कमिटीनं ठराव केला: पहिल्या चार मजल्यांनी जिना वापरावा. सेक्रेटरीनं स्वतः त्या चार बटणांवर पत्रा ठोकला. ठरावाची प्रत प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या काचेवर चिकटवली, कारण सपाट जागा तीच सापडली. दारामागे लिफ्ट आहे की नाही, हे त्यानंतर कोणालाच दिसेना.

वेल्डरची बायको जुन्या एका अपघातानंतर चाकांच्या खुर्चीत आहे. हातमशीनवर शिवणकाम करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी रुग्णालयात न्यावं लागतं. ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेल्डरनं सेक्रेटरीला तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी गाठलं.

"माझी बायको उडत जाणार का वर?"

"नियम सगळ्यांना सारखा," सेक्रेटरी म्हणाला. "तुमच्यासाठी सोडला तर उद्या तिसरा मजला सगळाच्या सगळा लंगडायला लागेल."

रांगेतले लोक हसले. सेक्रेटरीही हसला. त्याचा हात दाराच्या चौकटीवर होता. वेल्डरनं दार लावलं. दोन बोटं मोडली.

तक्रार झाली, समज देऊन पोलिसांनी सोडलं. वरच्या मजल्यांनी मात्र सोडलं नाही. तिसऱ्या मजल्याशी बोलायचं नाही, तिथं शिवायला काही टाकायचं नाही, असं ठरलं. खालच्यांनी पत्रा दोनदा उचकटला, वरच्यांनी दोनदा ठोकला. दुसऱ्या वेळी चौथ्या मजल्यावरच्या एका दुकानदाराचा दात पडला. पुढे खालच्यांना एक युक्ती सापडली. जिन्यानं पाचव्यावर जाऊन लिफ्ट बोलवायची, तळमजल्याचं बटण दाबून निघायचं आणि आपला मजला समोर आला की आतली जाळी ओढायची. लिफ्ट जागच्या जागी थांबते. जाळी उघडी आहे तोवर ती कोणाला बोलावताही येत नाही. वर जायला मात्र ही युक्ती चालत नसे, कारण तळमजल्यावर वरचे पहारा देत असत.

असाच पहारा असताना एका दुपारी वेल्डर बायकोला रुग्णालयातून घेऊन आला. चौघे दाराशी उभे होते, हलले नाहीत. लिफ्टच्या आत, मागच्या बाजूला, तिचा भाऊ होता. ड्यूटी संपवून आलेला, गणवेशात. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो जाळीच्या कड्यांकडे बघत राहिला. लिफ्ट वर गेली. वेल्डरनं बायकोला पाठीवर घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा पाय सरकला आणि दोघं सात-आठ पायऱ्या खाली आले. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

तिला पुन्हा गाडीत घालताना सेक्रेटरी दारात आला. वेल्डर त्याला म्हणाला, आवाज न चढवता, "पाठमोरा शिरतोस ना रोज? एक दिवस मागे लिफ्ट नसेल."

ही धमकीच होती. ऐकणाऱ्यांत दहा-बारा जण होते, त्यांत बसचालकाचा चोवीस वर्षांचा मुलगाही होता. तो व्यायामशाळेत शिकवतो. त्यानं वेल्डरच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. "आतोबा, तोंड सांभाळा," एवढंच म्हणाला.

बसचालक दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीच्या दारात उभा राहिला. तिच्या खांद्याला पट्टे बांधलेले होते आणि तिला पलंगावरून खुर्चीत घेणं एकट्याचं काम उरलं नव्हतं. एका बाजूनं नवरा, एका बाजूनं भाऊ, असं त्यांनी तिला उचललं. तेव्हापासून तो रोज येऊ लागला. ड्यूटीच्या आधी, वरचं कोणी बघू नये अशा बेतानं, जाळी ओढून लिफ्ट तिसऱ्यावर थांबवायची, बहिणीला उचलून द्यायचं, चहा घ्यायचा आणि त्याच लिफ्टनं निघून जायचं. उघड्या जाळीमुळे लिफ्ट तेवढा वेळ त्याच्यासाठी अडकून राहायची.

त्या सकाळीही तसंच झालं.

"वहिनीला सांगितलंस का, इथं येतोस ते?" बहिणीनं विचारलं.

"तिला वाटतं पहिली फेरी माझी आहे."

"लोक बायकोशी खोटं बोलून कुठं कुठं जातात," वेल्डर म्हणाला. "आमचे मेव्हणे बहिणीकडे येतात."

"तुमच्यामुळे, जावईबापू. तुमच्यामुळे चोरासारखं यावं लागतं."

"माझ्यामुळे? आणि सभेत हात कोणी वर केला होता?"

"पंधराव्यावर राहतो मी. दहा तास स्टिअरिंग धरून पंधरा मजले चढून दाखवा एकदा."

"हिला पाठीवर घेऊन तीन चढून दाखवा तुम्ही."

"चहा प्या दोघं," ती म्हणाली. "भांडण गरम राहील, चहा निवेल."

बसचालकानं कप उचलला तेव्हा भिंतीपलीकडे दणका झाला. मांडणीवरची ताटं वाजली. मग वरून, खूप वरून, एका बाईचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते.

"दोर तुटला वाटतं," वेल्डर म्हणाला आणि स्टूल घेऊन बाहेर गेला.

लिफ्ट जागेवरच होती. छताचा पत्रा मधोमध खाली आला होता, दिवा फुटला होता. त्यानं स्टुलावर चढून छताची झडप ढकलली. ती एका अंगाला वळली आणि फटीतून एक हात खाली लोंबला. मनगटावर घड्याळ होतं, दोन बोटांना पट्टी होती. वेल्डरनं झडप खांद्यानं उचलली, दोन्ही हात वर घालून सेक्रेटरीच्या काखेत धरलं आणि ओढायला लागला. सेक्रेटरी श्वास घेत होता. प्रत्येक श्वासाबरोबर तोंडातून रक्त येऊन वेल्डरच्या मानेवर पडत होतं.

"मेव्हणे, या हो जरा," त्यानं हाक मारली. "हात द्या. जिवंत आहे."

बसचालक स्वयंपाकघरातून हलला नाही.

"दादा, ते बोलावतायत," बहीण म्हणाली.

"मी इथं दिसलो तर..." तो म्हणाला.

अकराव्या मजल्यावर तोवर माणसं जमली होती. कोणीतरी मोबाइलचा उजेड डक्टमध्ये टाकला. वरून त्यांना दिसलं ते एवढंच: खाली लिफ्टचं छत, त्यावर सेक्रेटरी, आणि छतातून वर आलेले दोन हात त्याला आत ओढतायत. हात कोणाचे हे विचारावं लागलं नाही. लिफ्ट तिसऱ्यावर होती.

जिन्यात पायांचा आवाज सुरू झाला. वेल्डरला एकट्याला तो देह पेलला नाही. कंबरेपर्यंत खाली आला आणि अडकला. त्याला तसाच लोंबता ठेवून तो फोन करायला घरात धावला, कोपरापर्यंत लाल. बसचालकानं त्याच्यामागे दाराला कडी घातली.

"कडी कशाला?" बायकोनं विचारलं.

फोन लागला होता, वेल्डर इमारतीचा नंबर सांगत होता. दारावर पहिला घाव बसला. मग एकदम अनेक. बिजागरीच्या कडेचं लाकूड फुटलं. बसचालकानं कडी काढली.

समोर त्याचा मुलगा होता. हातात वजनं अडकवायचा लोखंडी दांडा. मागे नऊ-दहा जण, दोन बायका.

"बाबा? तुम्ही इथं?"

बसचालक म्हणाला, "मी धरलाय त्याला. पळून जात होता."

बहीण त्याच्यामागे चार हातांवर होती. लहानपणापासून कधी ऐकला नव्हता एवढा त्याचा आवाज मोठा होता, असं ती सांगते.

मुलानं घरात येऊन पहिला फटका मारला तो वेल्डरच्या हातातल्या फोनवर. फोन आणि कानामागचं हाड एकदम फुटलं. वेल्डर पडला नाही. त्यानं कपाळ पुढे करून समोर आलेल्या माणसाच्या नाकावर धडक दिली. तो माणूस चौदाव्या मजल्यावरचा औषधविक्रेता होता. त्याचं नाक मोडलं आणि तो शिवणमशीनवर कोसळला. दुसऱ्याच्या कानाचा वेल्डरनं चावा घेतला. मग तिघांनी त्याला पायांना धरून उंबऱ्यावरून ओढला. बायको खुर्ची पुढे घ्यायला लागली तेव्हा बसचालकानं खुर्चीची मागची मूठ धरली. तिनं मोकळ्या हातानं त्याच्या बोटांवर शिवणाची कात्री मारली. रक्त आलं, त्यानं मूठ सोडली नाही.

जिन्यात मुलानं दांड्यानं जबड्यावर मारलं. एकदा, आणि वेल्डर उठू लागल्यावर पुन्हा. पायरीच्या कडेवर डोकं आपटल्यावर त्याचे पाय ताणले गेले आणि थरथरू लागले, तरी मार थांबला नाही. सातव्या मजल्यावरची एक शिक्षिका चपलेच्या टाचेनं त्याच्या बरगड्यांवर मारत होती आणि प्रत्येक वेळी "घे" म्हणत होती. मग कोणीतरी म्हणालं, ह्याच हातानं चाव्या बनवल्या. त्याचा उजवा हात लिफ्टच्या बाहेरच्या दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. दार लावणाऱ्यांच्या खिशात त्यानंच बनवलेल्या चाव्या होत्या. दारापासून हातभर अंतरावर सेक्रेटरी छतातून लोंबत होता. तो नेमका केव्हा मेला हे सांगता येत नाही, कारण तेवढा वेळ त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

खालच्या मजल्यांवरचे लोक पाइप आणि झाडूचे दांडे घेऊन वर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे मारामारी झाली. एक जण कठड्यावरून खाली पडला, त्याचा पाय मोडला. पोलीस आले तेव्हा जिना निसरडा झाला होता. पहिल्या शिपायाचा पाय घसरला आणि त्यानं कठडा धरला.

पाच जणांना अटक झाली. त्यांत बसचालकाचा मुलगा आहे.

बसचालकानं दुपारी जबाब दिला. आपण ड्यूटीसाठी जिन्यानं उतरत होतो, आरडाओरडा ऐकला, तिसऱ्यावर वेल्डर रक्तानं भरलेल्या हातांनी घराबाहेर पडताना दिसला, त्याला आत ढकलून धरून ठेवला, असं त्यात आहे.

"लिफ्ट असताना जिन्यानं?" तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरनं विचारलं.

"लिफ्ट येत नव्हती."

"ती तिसऱ्यावर कोणी आणली होती?"

"मला काय माहीत."

"अकराव्यावरचे लोक धावत आले, तरी तुम्ही त्यांच्याआधी घरात होता."

"मी आधी निघालो होतो."

इन्स्पेक्टरनं ते लिहून घेतलं. त्याचा त्यावर विश्वास बसला होता असं नाही, पण जबाब सही करून दिलेला होता. सेक्रेटरीच्या सुनेनं वेल्डरची धमकी शब्दशः सांगितली. लिफ्ट तिसऱ्यावर थांबवून ठेवायची, वर जाऊन चावीनं खिट्टी सरकवायची आणि सेक्रेटरी नेहमीच्या वेळी येण्याआधी खाली यायचं, असा बेत तपासात मांडला गेला. वेल्डरच्या खिशात चावी सापडली. लिफ्ट कंपनीच्या अभियंत्यानं अकराव्या मजल्याची खिट्टी तपासली. ती झिजलेली आहे, दार चावीनं उघडलं असेल किंवा ओढल्यामुळे, सांगता येणार नाही, असं त्यानं लिहून दिलं.

वेल्डरच्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं की तिघं चहा पीत होते आणि लिफ्ट भावानं आणली होती. इन्स्पेक्टरनं तिला उलट प्रश्न केला नाही. "हे तुमच्या भावानं म्हणायला हवं," तो म्हणाला.

मुलाच्या वकिलाचं म्हणणं घरच्यांना पहिल्याच भेटीत कळलं होतं. डोळ्यांदेखत खून करणाऱ्याला लोकांनी संतापून मारलं, हा एक खटला. निर्दोष माणसाला घरात घुसून मारलं, हा दुसरा. दुसऱ्यात पोरगा म्हातारा होऊन बाहेर येईल.

बुधवारी दुपारी बसचालक जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर आला. बोटांना पट्टी होती. लिफ्टला पोलिसांचं सील होतं. चौथ्या मजल्यावरची नर्स बहिणीचे पट्टे बदलत होती. त्याला पाहून तिनं कापसाचं बंडल उचललं आणि दार उघडं ठेवून गेली.

"उचलायचं आहे का?" त्यानं विचारलं.

"सकाळीच उचललं. तुझ्यावाचून अडलं नाही."

तो स्टुलावर बसायला गेला. स्टूल पोलिसांनी नेलं होतं. तो उभाच राहिला.

"कसे आहेत ते?"

"नळीनं श्वास घेतायत. तू गेला नाहीस बघायला?"

"गेलो होतो. बाहेर शिपाई आहे. नातं काय विचारतो."

"मग? सांगायचं होतंस. मेव्हणा म्हणून सांगायचं. साक्षीदार म्हणून सांगायचं. दोन्ही आहेसच."

"तुला बोलायला सोपं आहे. पोरगा आत आहे माझा."

"भाचा आहे माझा. त्याच्या पहिल्या वाढदिवसाचे कपडे ह्याच मशीनवर शिवलेत मी. नको सांगूस मला, कोण आहे तो."

"मी खरं बोललो तर तो काय ठरतो, विचार केलास?"

"त्यानं केलं ते ठरतो. आणि दादा, त्यानं ते तुझ्या शब्दावर केलं. बापाचं ऐकलं पोरानं. तेवढं तरी त्याच्या बाजूनं कोणी बोलायला नको का कोर्टात? ते तुझ्याशिवाय कोण बोलणार?"

त्यानं बाल्कनीचं दार लोटून घेतलं.

"तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला. "दार फोडत होते. मला वाटलं, मलाही मारतील."

"वाटलं असेल. मलाही वाटलं. त्या घटकेला माणूस काय बोलेल त्याचा धरबंध नसतो. ते मी सोडून देईन, हेही सोडून देतील उठले तर. पण पोलिसांकडे तू दुपारी गेलास. तेव्हा दार कोण फोडत होतं?"

नळ गळत होता, त्यानं जाऊन घट्ट केला. परत येऊन म्हणाला, "लिफ्ट मी थांबवली नसती तर सेक्रेटरी मेला नसता. ते पण म्हणावं लागेल."

"म्हण."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"शुक्रवारी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "सकाळी दहाला जातो ठाण्यात."

"मी पण येते."

"तू कशी येणार? लिफ्ट बंद."

"ते माझं मी बघते. तू ये."

शुक्रवारी सकाळी खालच्या मजल्यांवरच्या चौघांनी तिला खुर्चीसकट जिन्यानं उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं डोळे मिटून घेतले, एवढंच. नर्स बरोबर होती. दहाच्या आधी त्या पोलीस ठाण्यात पोचल्या. इन्स्पेक्टरनं आपल्या खोलीबाहेर जागा करून दिली आणि टंकलेखकाला थांबवून ठेवलं. साडेअकराला त्यानं बसचालकाला फोन केला. फोन बंद होता. आगारात केला. सुट्टीचा अर्ज आलेला नाही, चालक पहाटेच्या फेरीवर हजर झाला आहे, असं उत्तर मिळालं.

दुपारी रुग्णालयातून निरोप आला की वेल्डरच्या मेंदूवरचा दाब वाढल्यामुळे त्याला दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं आहे. नर्सनं रुग्णालयात जाऊया म्हटलं. बायको म्हणाली, तिथं मला आत सोडणार नाहीत, इथं माझी गरज आहे.

संध्याकाळी इन्स्पेक्टरनं तिला घरी जायला सांगितलं. जबाब उद्याही घेता येईल, म्हणाला.

"उद्या तो येणार नाही," ती म्हणाली. "आज येईल."

बसचालकाची गाडी सव्वापाचला आगारात लागली. त्यानं चाव्या जमा केल्या, तोंड धुतलं आणि फाटकातून बाहेर पडला. फाटकापासून डावीकडे पोलीस ठाणं आहे, उजवीकडे वसाहत. तो कुठल्या बाजूला वळला हे पाहिल्याचं आगारातल्या कोणी सांगितलेलं नाही. सहा वाजता वेल्डर शस्त्रक्रियागृहातच होता आणि त्याची बायको ठाण्यात, खोलीबाहेर, बसून होती.